पलीकडच्या टोकाची मूठ

माझी आई झाडं कापायची. हे कौतुकानं सांगत नाही, जे होतं ते सांगतो. आमच्या आळीतल्या बायका भांगलायला जायच्या, कुणी गुरं राखायच्या, आणि माझी आई सकाळी भाकरी बांधून आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागोमाग साडेपाच फुटी करवत धरायला जायची.

गाव विट्यापासून दोन कोसांवर. चार एकर जिराईत, त्यात पाऊस पडला तर बाजरी आणि नाही पडला तर दगड. त्यामुळं आबांनी झाडं पाडायचा धंदा धरला होता. बाभळी, लिंब, चिंचा. सुतारांना बैलगाडीसाठी, गुऱ्हाळवाल्यांना चुलवणासाठी, लग्नघरांना सरपणासाठी. दोघांनी ओढायच्या करवतीची एक खोड असते, तिला दोन टोकं असतात. आणि आमच्या गावात दुसऱ्या टोकाला माणूस मिळत नसे. जो तरणा गडी हातीपायी धड होता तो पलटणीत, आणि ज्याला पलटणीनं घेतलं नाही तो गलाईला, म्हणजे सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात, मद्रासला नाहीतर कलकत्त्याला. मागं उरले म्हातारे आणि पोस्टमन. पोस्टमनला सवड नव्हती. मग आईनं पदर खोचला आणि समोर बसली. त्याला तवा पंचवीस वर्षं झाली होती.

मी कुठं होतो असं कुणी विचारील. मी सांगलीत होतो, मोटारसायकली दुरुस्त करत. एकुलता एक मुलगा, करवतीचा लहानपणापासून तिटकारा. आठवड्यात गुरुवारी गॅरेज बंद असायचं, तवा एस्टीनं घरी यायचो, जेवायचो, आबांशी चार वाक्यं बोलायचो आणि परत जायचो. मला वाटायचं मी लय शहाणा निघालो.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी घरी आलो तर आई उंबऱ्यावर बसलेली. मला बघून ती उठली नाही. मी घरी आलो आणि आई उठली नाही असं कधी झालं नव्हतं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई रं. कंबर भरलीया जरा."

कंबर भरलेली बाई अशी भिंतीला रेलून, ओठ दाबून बसत नाही एवढं मलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून तिला विट्याला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. त्यांनी आत तपासलं, मग मला बोलावलं. आई मान खाली घालून बसली होती. पोराच्या देखत असलं बोलणं निघावं याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"यांचं अंग बाहेर येतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज नाही, दोन-तीन वर्षं येत असणार. अंगावर काढलंय. काय काम करता हो तुम्ही?"

"करवत वडती," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ त्या आईच्या हातांकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आजपासून बंद. एक दिवससुद्धा नाही. आता बसवलंय, पण पुढच्या वेळी बसणार नाही. मिरजेला नेऊन पिशवी काढावी लागेल, आणि यांच्या अंगात रक्त नाही. टेबलावर काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही."

हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, म्हणून मला जास्त भीती वाटली.

घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "मग मी एकटा वडतो." आणि खरंच तीन दिवस त्यांनी एकट्यानं ओढून पाहिली. दोघांची करवत एकट्यानं ढकलायला गेलं की पातं मधनंच लवतं आणि ओंडक्यात अडकून बसतं. तीन दिवसांत एक फांदी तुटली, तीही अर्धी हातानं मोडली. चौथ्या दिवशी आई उठली, भाकरी बांधली आणि गेली. पुढच्या गुरुवारी आलो तर दोघं ओढ्याच्या बांधावर, ओंडक्याच्या दोन अंगांना, आपली ओढतायत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथं काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आई म्हणाली, "मग खायाचं काय?" आबा पात्यावरचा भुसा पुसत होते.

"मी मशिन करून देतो," मी म्हणालो. "एकट्यानं चालवायचं. तवर हात लावशील तर बघ."

मशिन करून देतो असं म्हणायला काही अक्कल लागत नाही. रागात माणूस काहीही करून द्यायला तयार असतो. पण माझ्या डोळ्यांपुढं एक वस्तू होती, ती आमच्याच माळ्यावर पडून होती. माझे थोरले चुलते, थोरले तात्या, पलटणीत गाड्यांच्या विभागात सुभेदार होते. पेन्शनीत आले तेव्हा त्यांनी पुण्याकडच्या मिलिटरीच्या जुन्या मालातनं एक परदेशी करवत उचलून आणली होती. साखळीची, इंजिनवर चालणारी. ती आणली का, याचं उत्तर त्यांनी कधी नीट दिलं नाही. "काम की चीज है," एवढंच म्हणायचे. सात वर्षं ती माळ्यावर होती आणि तिच्या सिलिंडरमध्ये उंदराची तिसरी पिढी नांदत होती. थोरली काकी वारल्यापासनं तात्या दिवसभर सोप्यात खुर्ची टाकून बसायचे, आणि आल्यागेल्याला त्या करवतीबद्दल सांगायचे.

मी ती पोत्यात घालून सांगलीला नेली आणि खोलली. पिस्टन जाम, सिलिंडरला चीर. तिचे पार्ट अख्ख्या हिंदुस्थानात मिळणार नव्हते. पण साखळी जिच्यावरनं फिरते ती लांब पट्टी सरळ होती, साखळी नुसती गंजलेली, आणि वेग वाढला की आपोआप पकडणारा तिचा क्लच चांगला होता. म्हणजे दात होते, पोट नव्हतं.

पोट गॅरेजच्या मागं पडलं होतं. एक दोन स्ट्रोकची मोटारसायकल, उसाच्या गाडीला मागनं धडकलेली. पुढच्या चाकाचा चिमटा दुमडून पार इंजिनला टेकलेला, इंजिनला मात्र ओरखडा नाही. तिचा मालक हाडं जुळल्यावर लंगडत आला होता आणि म्हणाला होता, "कुणाला बी द्या, मला परत दावू नका." मी ती मागून घेतली. गॅरेजचे शेठ म्हणाले, "बैलगाडीला इमानाचं इंजिन लावतोस काय रं?" मी म्हणालो, व्हय.

मोटारसायकलच्या इंजिनात गिअरबॉक्स त्याच कवचात असतो. करवतीला गिअर नको. मी हॅक्सॉ घेऊन ते कवच मधनं कापलं. पाच पाती मोडली. धडधाकट इंजिन कापताना बघून शेजारचा पंक्चरवाला येऊन उभा राहिला आणि कपाळाला हात लावून निघून गेला. उघड्या पडलेल्या बाजूला जाड पत्र्याची प्लेट बसवली. इंजिनच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, परदेशी क्लच बसेना, मग मिरज रस्त्यावरच्या लेथवाल्याकडनं दोन्हीच्या मधे बसणारा लोखंडी बुश करून घेतला. पहिला ढिला झाला, दुसरा घट्ट झाला, तिसऱ्या वेळी त्यानं मला माझं लग्न झालंय का विचारलं. नाही म्हणालो. "तरीच एवढा येळ हाय तुला," म्हणाला. पण तिसरा बुश बरोबर बसला.

मग थंड करायचं. मोटारसायकल पळते, वारा लागतो, इंजिन थंड राहतं. करवत एका जागी उभी, वारा कुठनं येणार? जुन्या करवतीचा पंखा काढून लावला आणि गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून भोवती आवरण केलं. साखळीला सारखं तेल सोडावं लागतं. ते करडईचं सोडलं, कारण घरात तेच होतं. त्याचा परिणाम असा झाला की मशिन तापलं की भजी तळल्याचा वास यायचा, आणि बघायला जमलेल्या लोकांना भूक लागायची.

वजन महिन्याच्या वासराएवढं झालं. ते पेलायला तात्यांनी आपला पलटणीतला जाड पट्टा दिला, तो गळ्यातनं घालून मशिन पुढं अडकवायचं. चार गुरुवार आणि मधल्या साऱ्या दुपारी त्यात गेल्या. त्या सगळ्या दिवसांत आई करवत ओढत होतीच. मी विचारलं की म्हणायची, "आज न्हाई गेले." तिच्या केसांत भुसा असायचा.

पहिली चाचणी आमच्या दारात झाली. निम्मं गाव जमलं. बाभळीचा मांडीएवढा ओंडका आडवा टाकला, दोरी ओढली, तिसऱ्या हिसक्याला मशिन पेटलं. आवाज असा की शेजारच्या दावणीची म्हैस दावं तोडून गेली. पातं ओंडक्यावर टेकवलं आणि, खोटं वाटेल, तंबाखू मळून होईस्तोवर ओंडक्याचे दोन झाले. मशिन बंद केलं. मग थोरले तात्या खुर्चीतनं उठले आणि त्यांनी मला सॅल्यूट ठोकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं असं मी सांगितलं.

मग उभं झाड कापायला गेलो.

उभं झाड पाडायचं तर पातं आडवं धरावं लागतं. मशिन कुशीवर केलं की दोन दमांत खोकायचं आणि बंद पडायचं. उभं केलं की चालू. आडवं केलं की बंद. अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी कुणीतरी मागनं म्हणालं, "गड्या, झाडच आडवं कर की." लोक हसले. मी त्याला मारायला गेलो असतो, पण दोरी ओढून ओढून हात उचलत नव्हता. एवढी खटपट करून मी उभं झाड सोडून सगळं कापणारं मशिन बनवलं होतं.

आई बायकांत मागं उभी होती. माणसं पांगल्यावर जवळ आली.

"आडवं क्येलं की त्येच्या नरड्यात जातंय रं," ती म्हणाली. "तान्ह्या पोराला निजवून पाजल्यावानी. पोराचं डोस्कं वर धर, मग ठसका लागत न्हाई."

मी दहा वर्षं रोज कार्ब्युरेटर धूत होतो. त्याच्या वाटीत पेट्रोल असतं आणि ते भांडं कलंडलं की पेट्रोल नको तिथं जातं, हे मी गिऱ्हाइकांना तोंड वर करून सांगायचो. ते मला सुचलं नव्हतं आणि आईला सुचलं. मी तिला तसं बोललो नाही, हा माझा हलकटपणा. पुढच्या आठवड्यात जीपच्या रेडिएटरचा रबरी पाईप कापून कोपरा केला आणि कार्ब्युरेटर त्यावर फिरता बसवला. मशिन कुठंही वळवा, हातानं कार्ब्युरेटर सरळ करायचा की झालं. आडवं चाललं. उभं चाललं. आबांनी एक लिंब पाडून पाहिला आणि "हं" म्हणाले. आबांचं "हं" म्हणजे मोठी गोष्ट होती.

आता सगळं झालं असं समजून मी सांगलीला गेलो, आणि थोरल्या तात्यांनी डब्याचं बूच उघडलं.

दोन स्ट्रोकच्या इंजिनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच घालावं लागतं, नाहीतर ते कोरडं पडून जळतं. मी डबा भरून, मिसळून, ठेवून गेलो होतो. तात्यांनी वास घेतला, बोट बुडवलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की पंपवाल्यानं भेसळ केलीय. सव्वीस वर्षं पलटणीच्या जीपगाड्या सांभाळलेला माणूस. त्यांनी ते उकिरड्यावर ओतलं, एस्टीच्या ड्रायव्हरकडनं विट्याहून शुद्ध पेट्रोल मागवलं, आणि टाकी स्वतःच्या हातानं धुऊन भरली. आबांनी तीन ओंडके कापले. चौथ्याला मशिन किंचाळलं आणि थांबलं. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

गुरुवारी मी आलो. तात्या खुर्चीत ताठ. "हमारी जीप में कभी ऑइल मिलाया नहीं," म्हणाले. "जवानाला मिलावट पाजायची नसते बेटा."

थोरल्या चुलत्यावर आवाज चढवायची आमच्यात रीत नाही. मी बाहेर गेलो आणि खुंट्याला बांधलेल्या शेळीला म्हणालो, "अक्कल गहाण टाकलीस काय गं? दोन महिन्यांचं काम मातीत घातलंस!" शेळी कडबा खात राहिली. आतनं तात्यांनी विचारलं, "शेळीनं काय केलं?"

हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतं. मशिन परत सांगलीला गेलं आणि आई परत करवतीला गेली. त्या पंधरवड्यात ती बांधावर एकदा भोवळ येऊन पडली. हे मला आबांनी सांगितलं नाही, आईनं सांगितलं नाही, एस्टीच्या कंडक्टरनं सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा खरंच वाटलं की आपली आई मरणार, आणि आपण लेथवाल्याच्या दारात रांगेत बसलेलो असणार. मी दुसऱ्या एकाही गाडीला हात लावला नाही. शेठ बोलले, बोलू दिलं. सिलिंडर घासून मोठा करून घेतला, एक माप जाड पिस्टन शोधला, आणि डब्यावर लाल रंगात लिहिलं, "हे औषध आहे, ओतू नये." औषध म्हटल्यावर तात्यांनी पुन्हा त्याला हात लावला नाही.

शिमग्याच्या आधी आबांनी गावाबाहेरची जुनी चिंच एकट्यानं पाडली. दोघांना दोन दिवस लागले असते, ती न्याहरीपास्नं दुपारपर्यंत भुईवर आली. पडताना जमीन हादरली ती मी पायांत अनुभवली. आई घरी होती. त्या दिवसापासनं ती घरीच राहिली.

दोन महिन्यांनी तिला परत विट्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान बसलंय. असंच जपा." त्यांनी विचारलं, मग कामाचं काय केलंत? मी सांगितलं, अगदी बुशपासनं पिस्टनपर्यंत. बाहेर चार बायका खोळंबल्या होत्या तरी सांगितलं. परत येताना एस्टीत माझी छाती अशी फुगली होती की शेजारच्याला बसायला जागा होईना. माझ्या आईला मी वाचवलं होतं. आजही ते खरंच आहे.

पण आई सुधारेना. म्हणजे दुखणं गेलं, रंग परतला, आणि बाई मात्र सुकत चालली. जेवताना ताटाकडं बघत बसायची. शेजारणींत बसायची, पण गप्प. मी सांगलीहून टॉनिकची बाटली आणली. ती तिनं फळीवर ठेवली, बूच न काढता. आबांचं तेच. काम दुप्पट व्हायचं, आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला राग यायला लागला. एवढं केलं त्याचं कौतुक राहू दे, निदान सुतक्यासारखी तोंडं तरी करू नका.

आमच्या घरातली रीत सांगायला हवी. सोप्यात थोरले तात्या बसलेले, ते पेन्शनीत येण्याआधी आजा-आजी. थोरल्या दिरासमोर बाई नवऱ्याशी बोलत नाही, आणि नवराही बायकोशी बोलत नाही. आबांना पाणी हवं असलं की ते छपराला सांगायचे, "पाणी मिळंल काय?" आणि आई पदर ओढून तांब्या ठेवून जायची. काही महत्त्वाचं असलं तर, "तुज्या आईला सांग," असं माझ्या मार्फत. घर दीड खोल्यांचं, तात्यांचे कान मिलिटरीचे. हे आमच्याच घरात होतं असं नाही, सगळ्या आळीत असंच. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. मला वाटायचं, या दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही नसेलच.

वैशाखात एक दिवस आबा सांगलीला आले. जन्मात पहिल्यांदा माझ्या गॅरेजात. काखेत पोत्यात गुंडाळलेली मशिनची पट्टी.

"काय झालं? मोडली?"

"मोडली न्हाई. ह्या टोकाला मूठ बसव."

"कुठल्या टोकाला?"

त्यांनी पट्टीच्या पार पुढच्या टोकाला बोट लावलं. मी त्यांना समजावलं. आबा, इंजिन तीन माणसांचं काम करतंय. ह्या टोकाला कुणी धरायची गरज नाही. उलट वजन वाढेल, साखळी टोकावरनं फिरते तिथं मूठ बसवणं म्हणजे कटकट. मी कागदावर आकृती काढून दाखवली. आबांनी आकृती बघितली.

"बसव," म्हणाले.

"अहो पन कशासाठी?"

"बसव म्हनलं न्हवं?"

माझा बाप आयुष्यात माझ्याकडं काही मागायला आला आणि ते हे. चडफडत बसवली. पट्टीच्या त्या टोकाशी, रुंदीच्या मधोमध, भोक पाडून लोखंडी कमान काढली, साखळीपासनं चांगली दूर, आणि वर त्याच मोटारसायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली. आबांनी ती मुठीत धरून पाहिली. मग मी वर बघितलं तर ते दुसऱ्याच कुणाचातरी लहान हात मनात धरून मूठ मापत होते. "आनि थोडी बारीक कर," म्हणाले. केली. चहासुद्धा न घेता पुढची एस्टी धरून गेले.

पुढच्या गुरुवारी घरी गेलो तर आई घरात नव्हती. तात्या खुर्चीत.

"आई कुठाय?"

"ड्यूटीवर. मशिनला आता टू मॅन क्रू लागतो म्हणाला तुझा बाप. मी इन्स्पेक्शन केलं. दोन मुठी हैं, म्हणजे दोन माणसं पाहिजेत. बरोबर आहे. जा म्हटलं."

माझं डोकं फिरलं. दोन महिने लेथवाल्याच्या दारात घासलेत मी, आणि या माणसानं माझ्याच हातून मूठ करून घेऊन आईला परत कामाला जुंपली? चप्पल न घालता निघालो. ओढ्याच्या काठानं जाताना आबांना काय काय सुनवायचं ते मी मोठ्यानं म्हणत होतो. म्हणजे वाक्यं तयार होती. मशिनचा आवाज मात्र कुठंच येत नव्हता.

जांभळीच्या ओंडक्याजवळ दोघं दिसली. पातं ओंडक्यात अर्धं शिरलेलं, मशिन बंद. एका अंगाला आबा मशिनच्या मुठीवर हात टाकून बसलेले, दुसऱ्या अंगाला आई त्या रबरी मुठीवर हात टाकून. आई काहीतरी सांगत होती, हात हलवून हलवून. आणि आबा हसत होते. डोकं मागं टाकून, दाढा दिसेपर्यंत. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्या बापाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आईला मी दिसलो. तिनं पदर डोक्यावर ओढला. आबा हसायचे थांबले.

"आई, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं हुतं?" माझ्या तयार वाक्यांतलं एवढंच बाहेर आलं.

"मी वडत न्हाई रं. नुस्ती मूठ धरती. वजं समदं त्येंच्याकडं हाय."

"मग धरायची तरी कशाला? मशिनला गरज न्हाई. मी केलंय न्हवं ते?"

"मशिनला न्हाई," ती म्हणाली.

"आनि बंद का ठिवलंय? बिघडलं काय?"

आबांनी पात्यावरचा भुसा बोटानं झाडला. "बिघडलं न्हाई," म्हणाले. "चालू असलं की हिचं आईकू येत न्हाई."

मी तिथंच उभा. मग आईच बोलली, माझ्याकडं न बघता.

"घरात थोरलं असत्यात. आमी बोलायचं कुठं रं? लगीन झाल्यापास्नं जे काय बोललो त्ये करवतीवर. तुला शाळंत घालायचं हितंच ठरलं. सांगलीला धाडायचं बी हितंच. तू मशिन क्येलंस, माजं दुखनं गेलं, तुजं लय चांगलं हुईल. खरं आमचं बोलनं बी गेलं बग त्येच्यासंगं."

एवढं ती माझ्याशी एका दमात कधी बोलली नव्हती. मला रडू आलं आणि या वेळी धूर नव्हता. मी खाली बसलो, ओंडक्यापासनं थोडा लांब. आबांनी तंबाखूची डबी पुढं केली, मी खात नाही हे माहीत असून. आई पदर सावरून मातीत बोटानं रेघा ओढत बसली. असा बराच वेळ गेला. मी तिथं होतो तोवर दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलली नाहीत. सोप्यात बसल्यासारखी बसून राहिली, माझ्याकडं तोंड करून.

मग माझ्या ध्यानात आलं आणि मी उठलो.

"मला चारची एस्टी गाठायचीय," म्हणालो. चारची एस्टी नव्हतीच, दोघांनाही ते माहीत होतं. "ह्या येळंला?" असं आई म्हणाली नाही. "बरं, जप," म्हणाली.

ओढ्याच्या वळणावर पोचलो तेव्हा मागनं आईचा आवाज सुरू झाला. मग मधेच आबांचा. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही, आणि मी थांबलोही नाही. रस्त्याला लागेपर्यंत मशिन चालू झालं नव्हतं.